फुंकर

ओरेस्त म्हणतो, गोळी पाहुण्यासारखी नसावी,
पुढच्या दारानं आली, मागच्या दारानं गेली.
आत शिरावी आणि आतच राहावी.
मी म्हणते, ते तुझं तू बघ.
मला फक्त भोक दिसतं.

अठ्ठावीस हिवाळे मी त्याची भोकं शिवतेय,
कातडं उलटं पसरून, केसांच्या नव्हे, मांसाच्या बाजूनं,
तीन धारांच्या सुईनं, मेण चोळलेल्या दोऱ्यानं,
टाका असा की वरच्या केसांना पत्ता लागू नये.
इथं सस्कॅचेवानच्या या कोपऱ्यात
जानेवारीत गाडीचं इंजिनही रात्री
विजेच्या वायरीला जोडून झोपवावं लागतं.
लोक वर्तमानपत्र वाचतात. मी कातडी वाचते.

दोनशे त्रेचाळीसची बंदूक होती ते वर्ष:
या अंगाला बटण, त्या अंगाला बशी.
एका कोयोटला मी एक्केचाळीस टाके घातले,
लाव्हर्ननं त्याचे सहा डॉलर टेकवले
आणि वर विचारलं, पारास्का, गोधडी शिवतेस का?

मग बावीस-दोनशेपन्नास, वेगाचं वेड.
पातळ कवच, पोकळ नाक.
बरगड्यांतून गेली तर आत साखरेसारखी विरायची,
खांद्यावर बसली की
हातातून टोमॅटो सुटावा तशी.
म्हणून कडक कवचाची आणली.
ती माझ्या सुईसारखी निघाली, आरपार, सभ्य,
आणि कोयोट तिच्यासकट नव्हे, तिच्याशिवाय
पॉप्लरच्या झाडीत चालत गेला.
रात्रभर बर्फ पडला. शिवायला काही आलंच नाही.

मग सतरा.
पंचवीस ग्रेन. तळहातावर ओटचा एक दाणा.
त्या हिवाळ्यात माझी सुई गंजली म्हणा ना.
छातीवर टाचणीचं टोक, पलीकडे काही नाही.
सापही मरावा आणि काठीही मोडू नये,
ते हेच असावं, असं आम्हाला वाटलं.
लाव्हर्न दिव्याखाली कातडं धरायचा,
केसांत फुंकर घालायचा, भोक शोधायचा,
पुन्हा फुंकर,
आणि गप्प राहून नोटा मोजायचा.

फेब्रुवारीत वारा होता. ओरेस्तला दिसत होता वारा,
गवताची टोकं आडवी झाली होती. तरी त्यानं ओढला चाप.
दाणा हातभर नाही, चार बोटं सरकला
आणि खांद्याच्या हाडावर, वरच्या वर, फुटला.
तिसऱ्या दिवशी तळ्याच्या काठी सापडली ती,
तीन पायांच्या माग संपला तिथं. मॅगपाय आधी पोचले होते.

पोतं घेऊन तो आत आला नाही.
दारातच उभा, टोपीवर बर्फ.
मी कातडं दिव्याखाली धरलं
आणि सवयीनं फुंकर घातली.
केस दुभंगले. आत माझ्या तळव्याएवढा खड्डा.
मला आईचं तोंड आठवलं, चंबू झालेलं,
चुलीला भाजलेल्या माझ्या अंगठ्याजवळ.
विसरलेच होते, फुंकर त्यासाठी असते.

आता दोनशे चार आहे, चाळीस ग्रेन.
वाऱ्यात जरा तग धरते, बहुतेकदा आतच राहते.
बहुतेकदा. जेवणाच्या टेबलावर तो चष्मा लावून
दारू तोलतो, सोनारानं गुंजा तोलाव्यात तशी,
आणि मी पाव तिकडे कापते, कोपऱ्यात,
काटा हलू नये म्हणून.
दीडशे यार्डांपलीकडे मारत नाही.
गवत हललं तर रिकाम्या हातानं परत येतो,
आल्यावर चहा मागतो, काही सांगत नाही.
सतराची अर्धी पेटी पिठाच्या डब्यामागं आहे.
दोघांनाही माहीत आहे.

ते कातडं लाव्हर्नला दाखवलं नाही.
मी त्याचे हातमोजे केले, माझ्यासाठी.
शिवण आतल्या बाजूला आलीय, डाव्या अंगठ्याखाली.
लाकडं आणताना टोचते.
उसवून पुन्हा घालता येईल,
पण अजून हात लावला नाही.